पाच वॉटांची मर्यादा

इलेक्ट्रिक गिटार वाजवणाऱ्या मंडळींच्या लेखनात एक विशेषण इतक्या सढळपणे वापरलेले आढळते की मराठीच्या अध्यापकाला त्याचा संशय यावा. ते विशेषण म्हणजे ‘उबदार’. व्हॉल्व्हवर चालणाऱ्या अ‍ॅम्प्लिफायरचा आवाज उबदार आणि ट्रान्झिस्टरचा थंड, असा हा भेद. आपल्या समीक्षेत ‘तरल’, ‘अनवट’, ‘अस्सल’ या शब्दांचे जे झाले तेच या विशेषणाचे झाले असावे, असे प्रथमदर्शनी वाटते. गेल्या वर्षी लहान, उचलून नेता येईल आणि परवडेल असा व्हॉल्व्ह अ‍ॅम्प्लिफायर घ्यायचे मनात आले, तेव्हा या शब्दामागे नेमके काय आहे हे तपासणे भाग पडले. तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्या माणसाला उन्हाळ्याच्या सुटीत मानधन नसते. त्याने निव्वळ विशेषणासाठी पैसे मोजू नयेत.

व्हॉल्व्ह ही वस्तू मराठी घरांना अपरिचित नाही. रेडिओचे बटण फिरवल्यावर काचेच्या नळ्या तापून आवाज येईपर्यंत वाट पाहणारी पिढी अजून आपल्यात आहे. १९०४ साली फ्लेमिंगने विजेला एकाच दिशेने जाऊ देणारी नळी तयार केली. १९०६ साली ली डी फॉरेस्टने तिच्यात एक जाळी बसवली आणि त्या जाळीवरच्या क्षीण संदेशाने मोठा प्रवाह नियंत्रित होऊ लागला. पुढे ट्रान्झिस्टर आला आणि रेडिओतून, दूरचित्रवाणी संचातून व्हॉल्व्ह हद्दपार झाले. गिटारच्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये मात्र ते टिकले. त्याचे कारण अभियंत्याच्या दृष्टीने दोष ठरेल असे आहे.

कोणत्याही अ‍ॅम्प्लिफायरला एक मर्यादा असते. तिच्यापलीकडे संदेश रेटला की ध्वनिलहरीचे माथे कापले जातात. साधे ट्रान्झिस्टरचे मंडल हे माथे करवतीने कापल्यासारखे सपाट करते. व्हॉल्व्ह मर्यादेजवळ येताना आधीपासूनच नमू लागतो आणि माथे गोलसर होतात. या नमण्यातून मूळ स्वरात नसलेले उपस्वर निर्माण होतात. ज्या लहान अ‍ॅम्प्लिफायरमध्ये शक्ती देणारा व्हॉल्व्ह एकच असतो, त्यात दुप्पट कंपनसंख्येचा उपस्वर ठळक असतो. म्हणजे षड्ज छेडला की त्याच्यासोबत तार षड्ज उमटतो. तिप्पट कंपनसंख्येचा उपस्वर म्हणजे त्याच तार सप्तकातला पंचम. उपस्वरांची ही भर हळूहळू वाढते, आणि ‘उबदार’ या शब्दातला बराचसा अर्थ येथे सापडतो.

आपल्याकडे याच्या जवळपासचा एक शब्द आहे : जवारी. तानपुऱ्याच्या घोडीचा माथा किंचित गोलसर घासून, तारेखाली सुताचा धागा सरकवून मिरजेचे कारागीर तार घोडीला नेमकी कुठे स्पर्शेल हे ठरवतात. तार मोकळी न कंपता घोडीला चाटत कंपते आणि त्या अडथळ्यातून उपस्वरांचे मोहोळ उठते. दोन्हींची यंत्रणा अगदी वेगळी आहे, हे मान्यच. तरीही स्वराला वाटेत थोडी अडवणूक करून समृद्ध करणे, हे तत्त्व दोन्हीकडे आहे.

आता यातून निवडीचा पहिला नियम निघतो. मर्यादेजवळ गेल्यावरच ज्याचा गळा खुलतो ते यंत्र मोठे घेऊन हळू वाजवण्यात अर्थ नाही. कॅलिफोर्नियातल्या फुलर्टन गावी रेडिओदुरुस्तीचे दुकान चालवणाऱ्या लिओ फेंडरला स्वतःला गिटार वाजवता येत नसे. त्याने १९४० च्या दशकाअखेरीस नवशिक्या विद्यार्थ्यांसाठी स्वस्त, लहान अ‍ॅम्प्लिफायर काढला आणि त्यातूनच पुढे ‘चॅम्प’ हे नाव रूढ झाले. पन्नाशीच्या दशकातल्या चॅम्पमध्ये एक १२एएक्स७, एक ६व्ही६ आणि प्रवाह एकदिश करणारा एक, असे तीनच व्हॉल्व्ह. शक्ती सुमारे पाच वॉट. आणि आवाजाचे एकच बटण. विद्यार्थ्यांसाठीच्या या डबीवर एरिक क्लॅप्टनने १९७० मध्ये ‘लैला’ या ध्वनिमुद्रिकेतले गिटारवादन केले. स्टुडिओत मायक्रोफोन जवळ असतो. तेथे प्रचंड आवाजाची गरज नसते, यंत्र आपल्या टोकाला पोचलेले असणे पुरते.

पाच वॉट हा आकडा मात्र फसवा आहे. शक्ती दहापट वाढवली तर कानाला आवाज साधारण दुप्पट वाटतो. म्हणजे पाच वॉटांचा अ‍ॅम्प्लिफायर पन्नास वॉटांच्या दशांश नव्हे, निम्म्याने मोठा वाजतो. गिटारसाठी केलेला चांगला स्पीकर एका वॉटवर एक मीटर अंतरावर ९५ डेसिबलच्या आसपास आवाज देतो. पाच वॉटांवर तो १०० च्या पुढे जातो. निवासी परिसरासाठी आपल्या नियमांनी ठरवलेली मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री दहा ते सहा ४५ डेसिबल आहे. भिंती आणि अंतर बरेच काही शोषून घेतात, पण आमच्या इमारतीच्या भिंती संवादप्रिय आहेत आणि शेजारची मुलगी बारावीत आहे. त्यामुळे शक्ती कमी करणारी कळ असलेला अ‍ॅम्प्लिफायर हवा, हा दुसरा नियम. व्हॉक्सच्या ‘एसी४टीव्ही’ या लहान अ‍ॅम्प्लिफायरला चार, एक आणि पाव वॉट अशी कळ होती. हिशेब केला तर पाव वॉटही मीटरभर अंतरावर ८९ डेसिबल होतो! शिवाय आवाज फार खाली आणला की कान खर्जातले आणि वरचे स्वर कमी टिपतो, स्पीकरचा पडदाही पुरेसा हलत नाही. कळीने मिळणारी सोय पूर्ण नसते, एवढे जाणूनच ती घ्यावी.

सुवाह्यतेचे गणितही असेच अडचणीचे. व्हॉल्व्हला काही शे व्होल्टचा दाब लागतो, आणि त्यातून निघणारा प्रवाह आठ ओहमच्या स्पीकरला मानवत नाही. म्हणून दोन रोहित्रे लागतात : एक विजेच्या बाजूला, दुसरे स्पीकरच्या. वजन लाकडापेक्षा त्यांच्यातल्या लोखंड-तांब्याचे. पंधरा वॉटांचा, बारा इंची स्पीकरचा ‘ब्लूज ज्युनिअर’ साधारण चौदा किलो भरतो. स्कूटरच्या पायाशी ठेवून न्यायचा आणि बिनलिफ्टच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर चढवायचा, तर आठ इंची स्पीकरपर्यंतच थांबावे लागते. न्यू जर्सीतला मावसभाऊ तिकडून एखादा आणायला तयार होता. पण तिकडची वीज १२० व्होल्ट, आपली २३०. म्हणजे दाब उतरवणारे तिसरे रोहित्र वेगळे वागवायचे. वजनात वजन! त्याचा स्नेह मी पुस्तकांच्या रूपाने स्वीकारला.

राहता राहिला परवडण्याचा प्रश्न, आणि तोच खरा. आजची संगणकीय उपकरणे व्हॉल्व्हच्या वागण्याची गणिती प्रतिकृती करतात. ती हलकी असतात, हेडफोनवर चालतात आणि बऱ्याच स्वस्त मिळतात. ध्वनिमुद्रणात त्यांचा आणि व्हॉल्व्हचा भेद ओळखणे जाणकारांनाही सोपे नसते. माझी पत्नी बँकेत आहे. तिने व्हॉल्व्हच्या अ‍ॅम्प्लिफायरची किंमत माझ्या तासिकांच्या दराने भागली. उत्तर तीस आले. मग तिने शांतपणे विचारले, “ऐकणाऱ्याला फरक कळणार नसेल, तर या तीस तासिका कोणासाठी रे?”

साहित्याच्या वर्गात वर्षानुवर्षे उभे राहूनही या प्रश्नाचे उत्तर माझ्यापाशी तयार नव्हते. दुकानात तासभर बसून वाजवल्यावर ते थोडेसे हाती लागले. व्हॉल्व्ह मर्यादेच्या काठावर असताना तार हलकेच छेडली तर स्वर स्वच्छ येतो, जरा जोर दिला तर खरखरतो. गिटारचेच बटण थोडे मागे घेतले की पुन्हा निवळतो. बोटाचा दाब हेच बटण होते. हे जाणवले की हात आपोआप वेगळे वाजवू लागतो, थांबतो, सोडून देतो. मैफलीत किती श्रोत्यांना तानपुऱ्याची जवारी वेगळी ऐकू येत असेल? गायकाला ती ऐकू येते, आणि जवारी बिघडलेली असली तर तो तानपुरा बदलून मागतो. श्रोत्यापर्यंत पोचतो तो त्या जवारीवर टेकलेला षड्ज. पत्नीला मी हेच सांगितले. ती म्हणाली, “म्हणजे तुझ्यासाठीच.” काही वेळाने तिनेच पुढे विचारले, “यातले व्हॉल्व्ह जळले तर मिळतात का?”

प्रश्न योग्य होता. एके काळी बेंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्समध्येही व्हॉल्व्ह बनत. आज गिटारसाठीचे बहुतेक व्हॉल्व्ह रशियातले सारातोव्ह, स्लोव्हाकियातले चाडत्सा आणि चीन येथून येतात. मार्च २०२२ मध्ये युद्धानंतर रशियाने निर्यातीवर बंधन घातले, तेव्हा जगभर टंचाई झाली आणि भाव चढले. म्हणून तिसरा नियम : व्हॉल्व्ह जितके कमी आणि जितके सर्वसामान्य, तितके बरे. स्पीकरची तार काढून अ‍ॅम्प्लिफायर कधी चालू करू नये आणि बंद केल्यावरही त्याचे पोट उघडू नये, कारण आतल्या धारित्रांत जीवघेणा दाब टिकून राहतो. ही दोन पथ्ये दुकानदाराने न विचारता सांगितली, त्याअर्थी दुकान बरे होते.

अखेर पाच वॉटांचा, आठ इंची स्पीकरचा, एक ईएल८४ आणि एक १२एएक्स७ असे दोनच व्हॉल्व्ह असलेला, शक्ती उतरवणारी कळ असलेला अ‍ॅम्प्लिफायर घरी आला. ढोलकी किंवा ड्रमसेटपुढे तो स्वच्छ आवाजात टिकत नाही. तशी वेळ आलीच तर त्याच्यासमोर मायक्रोफोन ठेवावा लागेल. संध्याकाळी सात ते आठ ही वेळ शेजाऱ्यांशी बोलून ठरली आहे. परीक्षेच्या महिन्यात तीही नाही. तीस तासिकांपैकी अठरा घेऊन झाल्या आहेत. मानधन वेळेवर निघाले तर हिशेब दिवाळीपूर्वी पुरा होईल.