फोटो राहिले, नावं गेली

घरातल्या जुन्या लॅपटॉपवर किंवा तळहाताएवढ्या रास्पबेरी पायवर स्वतःचा छोटा सर्व्हर चालवणारी बरीच घरं आता दिसतात. १ जून २०२१ पासून गूगल फोटोजची अमर्याद फुकट साठवण बंद झाली आणि कुटुंबाचे फोटो आपल्याच घरात ठेवावेत, असं अनेकांना वाटू लागलं. तुम्ही स्वतः असा सर्व्हर लावला असेल, किंवा सुट्टीत आलेल्या लेकानं लावून दिला असेल, तर त्यात काय कुठे ठेवलं आहे हे माहीत असायला हवं. कारण अशा घरांत डेटा जातो तो बहुतेकदा चोरीनं किंवा व्हायरसनं नाही. आवराआवर करताना जातो.

या सर्व्हरवरची अ‍ॅप्स सहसा डॉकर वापरून चालवतात. प्रत्येक अ‍ॅप एका कंटेनरमध्ये असतं. ‘कंटेनर’ म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर झाकणाचा डबा येतो, आणि घोळ तिथेच सुरू होतो. डॉकरचा कंटेनर डब्यापेक्षा पत्रावळीसारखा आहे. जेवण झालं की टाकायची, पुढच्या पंगतीला नवी घ्यायची. अ‍ॅप अपडेट करणं म्हणजे जुना कंटेनर टाकून नव्या आवृत्तीचा नवा कंटेनर उभा करणं. त्यात काही चुकीचं नाही, रचनाच तशी आहे. मात्र अ‍ॅपनं तुमचे फोटो कंटेनरच्या आतच लिहिले असतील, तर पत्रावळीबरोबर तेही गेले.

फसवणारी गोष्ट अशी, की हे लगेच कळत नाही. वीज गेली, सर्व्हर पुन्हा चालू केला, तरी आतलं सगळं जागेवर असतं, कारण कंटेनर तोच असतो. महिनोन्‌महिने सगळं ठीक चाललेलं दिसतं. मग एक दिवस अपडेट होतं आणि अ‍ॅप उघडल्यावर कोरा पडदा दिसतो.

म्हणून डेटा कंटेनरच्या बाहेर ठेवतात. त्यासाठी एक तर सर्व्हरवरचा साधा फोल्डर जोडायचा, नाहीतर डॉकरच्या ताब्यातली व्हॉल्यूम नावाची जागा वापरायची. घरच्यासाठी मला फोल्डरच बरा वाटतो. तो डोळ्यांना दिसतो, फाइल मॅनेजरमध्ये उघडता येतो, त्याची प्रत काढणं सोपं जातं. व्हॉल्यूम वाईट नाही, पण नजरेआड असतं आणि एका कमांडनं पुसलं जाऊ शकतं.

माझ्या भाच्याच्या हातून तेच झालं. त्यानं इंदूरला ताईच्या घरी फोटोंचा सर्व्हर लावून दिला होता. ताईनं आजोबांच्या काळापासूनचे फोटो स्कॅन करून त्यात घातले आणि रोज दुपारी बसून एकेका चेहऱ्याला नाव दिलं. ही बेळगावची आत्या, हा तिचा धाकटा दीर, हे लग्नात सनई वाजवणारे. काही नावं तिनं नव्वदीच्या काकूंना फोनवर विचारून घेतली होती. त्या काकू आता नाहीत. भाचा एकदा बंगळुरूहूनच सर्व्हरची साफसफाई करत होता. अ‍ॅप बंद करून पुन्हा चालू करायचं होतं, म्हणून त्यानं ‘डॉकर कंपोज डाउन’ ही कमांड दिली. कुठेतरी वाचलं होतं म्हणून तिच्यापुढे ‘मायनस व्ही’ जोडलं. त्या व्हीचा अर्थ ‘व्हॉल्यूमसुद्धा काढून टाक’ असा होतो.

“मावशी, फोटो सगळे आहेत गं,” तो मला फोनवर म्हणाला, “पण नावं गेली. आईला कसं सांगू?”

फोटो साध्या फोल्डरमध्ये होते, ते वाचले. नावं, अल्बम, खालच्या ओळी हे सगळं डेटाबेसमध्ये होतं आणि डेटाबेस व्हॉल्यूममध्ये. तेव्हा फोटो आहेत एवढं पाहून थांबू नका. इमिच, नेक्स्टक्लाउड यांसारख्या अ‍ॅपमध्ये फाइली एकीकडे आणि त्यांच्याविषयीची माहिती दुसरीकडे असते. दोन्हींची प्रत हवी. डेटाबेस चालू असताना त्याचा फोल्डर नुसता कॉपी केला तर प्रत अर्धवट निघू शकते. एक तर अ‍ॅप थांबवून कॉपी करा, नाहीतर डेटाबेसचाच ‘डम्प’ काढा. इमिच आता असा डम्प रोज आपोआप काढतं, पण तो त्याच डिस्कवर पडून राहिला तर डिस्क गेल्यावर काय उपयोग?

‘डॉकर सिस्टिम प्रून’ ही जागा मोकळी करणारी कमांडही जपून वापरा, विशेषतः तिच्यापुढे ‘व्हॉल्यूम्स’ हा शब्द असेल तर.

फोल्डर जोडतानाही नीट पाहावं लागतं. कंपोज फाइलमध्ये मधे विसर्गासारखं चिन्ह असलेली एक ओळ असते. डावीकडे तुमच्या सर्व्हरवरचा फोल्डर, उजवीकडे कंटेनरच्या आतला. डावीकडे स्पेलिंग चुकलं तर डॉकर सहसा तक्रार करत नाही, त्या नावाचा नवा रिकामा फोल्डर बनवून मोकळा होतो. उजवीकडे चुकलं तर अ‍ॅप निमूटपणे कंटेनरच्या आत लिहीत राहतं. बाहेरची डिस्क वापरत असाल तर आणखी एक गंमत: वीज जाऊन आल्यावर डिस्क जोडली जाण्याआधी कंटेनर सुरू झाला, की नवे फोटो आतल्या छोट्या मेमरी कार्डावर जाऊ लागतात. अशा वेळी जुने फोटो दिसेनासे होतात आणि माणूस घाबरून नको ते पुसतो. आधी डिस्क लागली आहे का ते बघा, बहुतेक वेळा सगळं सुरक्षित असतं.

यावर मला पटलेली तपासणी पाच मिनिटांची आहे. सर्व्हर नवा असताना, खरे फोटो घालण्याआधी, कढईचा किंवा चपलेचा एक फोटो घाला आणि त्याला नाव द्या. मग कंटेनर मुद्दाम काढून टाका आणि नव्यानं उभा करा. फोटो आणि नाव दोन्ही परत दिसलं, तरच पुढे जा.

आणि प्रत? दोन डिस्कवर एकच गोष्ट लिहिणारी रेड नावाची सोय म्हणजे बॅकअप नव्हे. एका डिस्कवर पुसलं की दुसरीवरही त्याच क्षणी पुसलं जातं. १९९८मध्ये पिक्सार स्टुडिओत चुकून दिलेल्या एका कमांडनं ‘टॉय स्टोरी २’च्या फाइली भराभर पुसल्या गेल्या. बॅकअप होता, पण तो नीट चालत नव्हता हे तेव्हाच कळलं. तांत्रिक विभागातल्या गॅलिन सुसमन यांना बाळ झाल्यामुळे त्या घरून काम करायच्या, म्हणून चित्रपटाची एक प्रत त्यांच्या घरच्या संगणकावर होती. तो संगणक ब्लँकेटात गुंडाळून गाडीनं स्टुडिओत नेला गेला.

तुमच्याकडेही एक प्रत दुसऱ्या घरी असू द्या. दिवाळीला भावाकडे जाताना एक डिस्क नेऊन तिथली परत आणली तरी चालेल. आणलेल्या डिस्कवरचे दहा-वीस फोटो उघडून पाहा, डेटाबेसचा डम्प दुसऱ्या लॅपटॉपवर चढवून पाहा. कंपोज फाइलची प्रतही त्याच डिस्कवर ठेवा. कोणता फोल्डर कुठे आहे आणि पासवर्ड काय, हे एका कागदावर लिहून कपाटात, बँकेच्या कागदांशेजारी ठेवा. सर्व्हर लावणारा मुलगा दरवेळी फोन उचलेलच असं नाही.