बोरधरण ते म्यानमार

29 जानेवारी 2025, हिंगणी
राजुऱ्याजवळ वाघांचा शिकारी पकडला, याचीच गावात चर्चा. राजुरा चंद्रपूर जिल्ह्यात, पण ताडोबा, उमरेड आणि आपलं बोर या पट्ट्यात वाघांची ये-जा असते. बोर 2014 साली व्याघ्र प्रकल्प झाला, गाभा क्षेत्र जेमतेम 138 चौरस किलोमीटर. इथे एक वाघीण मारली तर मागे तिचे बछडेही वाचत नाहीत.

6 फेब्रुवारी
ओळखीच्या वनरक्षकाने नाल्याकाठी सापडलेला फास दाखवला. मोटरसायकलची जुनी क्लच वायर, एका टोकाला सरकफास, दुसरं टोक सागाच्या बुंध्याला बांधलेलं. फासाची आतली बाजू घासून चकचकीत झाली होती, तिच्यात राठ केस अडकलेले. हा रानडुकरासाठी होता. वाघामागे असलेल्या टोळ्या लोखंडी जबड्याचे सापळे पेरतात आणि कातडं, हाडं घेऊन पसार होतात.

18 फेब्रुवारी
राजुऱ्याचा तपास शिलाँगपर्यंत पोचलाय. माल तिथून मिझोरम, पुढे म्यानमार. पूर्वी तो नेपाळमार्गे तिबेटात जायचा. 470 वाघांची कातडी विकल्याची कबुली तस्कर संसारचंदने दिली, असं सीबीआयने 2006 मध्ये सांगितलं होतं. त्याच वर्षी जानेवारीत आंध्रातल्या अमरावतीत दलाई लामांनी कातडी वापरू नका असं सांगितलं आणि तिबेटी माणसांनी अंगावरची कातडी चौकात जाळली. केवढी मोठी गोष्ट! हाडांची मागणी मात्र राहिलीच. चीनने 1993 मध्येच बंदी घातली, तरी औषधाच्या नावाखाली चोरटा धंदा चालतो. सीमेवर हाडं पकडली जातात तेव्हा वाघ केव्हाच मेलेला असतो. त्याला वाचवायचं तर इथेच, बोरच्या नाल्यात.

23 फेब्रुवारी
गुराखी दादा पारावर भेटले. म्हणाले, "गुरुजी, नाल्यापाशी नवे मानसं उतरले होते. तीन दिवस राह्यले, पन गावात पीठ-मीठ घ्याले कोनी आलं नाई."
ही खबर वेळेत पोचायला हवी. पण भटक्यांची पालं दिसली की लगेच संशय घ्यायचा, हेही मला पटत नाही. इंग्रजांच्या 1871 च्या कायद्याने अख्ख्या जमातींना जन्मतः गुन्हेगार ठरवलं. तो 1952 मध्ये रद्द झाला, तरी त्यांच्या पोरांना शाळेत अजून तेच ऐकावं लागतं. सांगायचं ते काय दिसलं एवढंच, जात नाही. हे दादांना लगेच पटलं.
वनविभागाचा 1926 हा नंबर त्यांच्या मोबाइलमध्ये भरून दिला. उद्या चक्कीच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहायचाय. चक्कीवाल्याने हो म्हटलंय.