अर्जाचे चौदा महिने

पैनगंगेच्या कांठचें आमचें देऊळघाट जिल्ह्याच्या ठिकाणापासून फारसें दूर नाहीं. सकाळच्या एस.टी.नें निघालेला मनुष्य चहाच्या वेळीं बुलढाण्याच्या बाजारांत उभा असतो. तथापि एखाद्या अपंग मनुष्यास सरकारी साहाय्य मिळवावयाचें असेल, तर हेंच अंतर तुडविण्यास त्याला वर्ष लागतें. कधीं कधीं वर्षहि पुरत नाहीं. ही अतिशयोक्ति नव्हे. शेजारपाजारच्या मंडळींचे अर्ज आम्हीं लिहून देत असतों, त्यामुळें तारखा आमच्यापाशीं टिपलेल्या आहेत.

प्रथम कायदा काय म्हणतो तें सांगूं. राज्यघटनेच्या ४१ व्या कलमांत वार्धक्य, आजार व विकलता यांनीं गांजलेल्यांस सरकारनें आपल्या ऐपतीच्या मर्यादेंत साहाय्य करावें असें सांगितलें आहे. यांतील ऐपतीची गोष्ट तेवढी पुढच्या कारभाऱ्यांनीं कधीं विसरूं दिली नाहीं. महाराष्ट्रांत १९८० सालीं संजय गांधी निराधार अनुदान योजना सुरू झाली. निदान ४० टक्के अपंगत्व व कुटुंबाचें वार्षिक उत्पन्न ५० हजारांच्या आंत असेल, तर तींतून दरमहा रक्कम मिळते. ती पूर्वीं ६०० रुपये होती. २०१९ मध्यें १००० झाली, २०२३ मध्यें १५०० आणि ऑक्टोबर २०२५ पासून अपंगांपुरती २५००. केंद्र सरकारची योजना निराळी, २००९ ची. तींत ८० टक्के अपंगत्व लागतें, आणि केंद्राचा वांटा २०१२ पासून ३०० रुपयांवर बसला आहे तो उठलेला नाहीं. मध्यंतरीं तेलाचे व डाळीचे भाव किती वेळां उठले हें घरांतील बायकांस विचारावें.

परंतु रक्कम ही शेवटची गोष्ट; आधीं प्रमाणपत्र. २०१६ च्या कायद्यानें अपंगत्वाचे प्रकार सातांवरून एकवीस केले, हें निःसंशय मोठें काम झालें. त्या कायद्याखालीं २०१७ सालीं जे नियम झाले, त्यांत अर्ज आल्यापासून एक महिन्याच्या आंत प्रमाणपत्र द्यावें असें होतें. महिन्याभरांत तें होत नाहीं असें दिसून आल्यावर काय करावें? ऑक्टोबर २०२४ मध्यें नियमच बदलून एक महिन्याचे तीन महिने करण्यांत आले! घड्याळ मागें पडतें म्हणून तासच लांबविण्याचा हा प्रकार आहे. शिवाय दोन वर्षांत निर्णय न लागल्यास अर्ज निष्क्रिय होऊन अर्जदारानें पुन्हां पहिल्यापासून सुरुवात करावयाची, असेंहि त्यांत आहे. निर्णय न देणारा एक, आणि अर्ज मरतो दुसऱ्याचा. खोट्या प्रमाणपत्रांचें भय खरें आहे, हें आम्हांस मान्य आहे. त्याच वर्षीं आमच्या शेजारच्या वाशिम जिल्ह्यांत नेमलेल्या एका प्रशिक्षणार्थी सनदी अधिकाऱ्याच्या दाखल्यावरून देशभर गवगवा झाला होता. पण लबाडाला थांबण्याची ऐपत असते; ज्याचा पाय खरोखरच गेला आहे त्याला ती नसते.

आमच्या गल्लींतील एका सुतारांचा वृत्तांत येथें देतों. माडीच्या कामावरून पडून त्यांचा उजवा पाय अधू झाला. औषधोपचार संपल्यावर, म्हणजे डिसेंबर २०२३ मध्यें, त्यांनीं प्रमाणपत्रासाठीं अर्ज केला. तपासणीचा वार ठरलेला असतो. पहिल्या वारीं हाडांचे डॉक्टर रजेवर होते, दुसऱ्या वारीं जुना क्ष-किरणांचा फोटो चालेना. फेब्रुवारींत ४५ टक्क्यांचा दाखला हातीं आला. त्याच महिन्यांत त्यांनीं उत्पन्नाचा दाखला काढला आणि मार्चच्या आरंभीं अनुदानाचा अर्ज दिला. १६ मार्च रोजीं लोकसभेच्या निवडणुकीची आचारसंहिता लागली, आणि अर्ज मंजूर करणाऱ्या समितीची बैठक पुढें गेली. जूनमध्यें बुवा चौकशीस गेले तों कळलें कीं उत्पन्नाच्या दाखल्याची मुदत ३१ मार्चलाच संपली. कचेरीनें अर्ज ठेवून घेतला, कचेरींतच तो शिळा झाला, आणि नवा दाखला आणण्याचें काम मात्र कुबडीवाल्या मनुष्याकडे आलें. सप्टेंबरांत मंजुरी मिळाली. मग आधारपत्रावरील नांव आणि बँकेंतील नांव यांत एका अक्षराचा फरक निघाला. पहिला हप्ता जमा झाला फेब्रुवारी २०२५ मध्यें.

चौदा महिने झाले. दरमहा दीड हजारांप्रमाणें हे एकवीस हजार होतात. पण तोटा तेवढाच नाहीं. आठव्या महिन्यांत बुवांनीं रंधा, करवत, पटाशा, सगळी हत्यारें विकलीं. बसल्या जागीं पाट, लाटणीं, कुऱ्हाडीचे दांडे त्यांना करतां आले असते, हें तेच आम्हांस सांगत. आतां पैसे येतात, हत्यारें नाहींत. ज्या साहाय्यानें मनुष्य कामावर उभा राहावयाचा, तें उशीरानें आल्यामुळें तो कायमचा त्या साहाय्यावरच बसला.

यांत कोणी एक मनुष्य आळशी होता असें आम्हांस दिसलें नाहीं. प्रत्येक खिडकीला आपापली मुदत आहे, आणि बहुतेक खिडक्यांनीं ती थोडीफार पाळलीहि. परंतु सगळ्या मुदतींची बेरीज करणें हें कोणाचेंच काम नाहीं. २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्यानें वेगवेगळ्या सेवांना वेगवेगळे दिवस नेमून दिले. अपघातापासून पहिल्या हप्त्यापर्यंतचे दिवस मात्र कोणत्याहि नोंदवहींत नाहींत. हा दोष केवळ आपल्याच देशांत आहे असेंहि नव्हे. अमेरिकेंत अपंगत्वाच्या विम्याचा कायदा १९५६ सालीं झाला. तेथें पहिले पांच पूर्ण महिने कायद्यानेंच कोरडे ठेवले आहेत, आणि प्राथमिक निर्णयालाच सहा ते आठ महिने लागतात. फरक इतकाच कीं तेथें हे आंकडे सरकार स्वतः मोजतें व छापतें. आमच्या मतें रक्कम अर्जाच्या तारखेपासून द्यावी. मग उशीराचा खर्च सरकारलाच पडेल आणि बेरीज करणारा माणूसहि आपोआप सांपडेल.

आतां थोडें आपल्या घरांविषयीं. 'आपल्याला काय कमी आहे, सरकारचे पैसे कशाला?' म्हणून पुष्कळ सुशिक्षित घरांत अपंग मुलाचें प्रमाणपत्रच काढीत नाहींत. अनुदान घेऊं नये, हें ठीक. परंतु सरकारी नोकरींतून निवृत्त झालेल्या वडिलांच्या पश्चात् असमर्थ मुलास कुटुंबनिवृत्तिवेतन मिळूं शकतें, आणि तेव्हां हाच कागद मागतात. बाप गेल्यावर भावाभावजयांनीं त्या मुलास तपासणीच्या रांगेंत धरून उभें करावें, आणि त्यानें तेथें आपल्या बुद्धीची परीक्षा द्यावी, हें दृश्य आम्हीं पाहिलें आहे. वडील हयात असतांना हें काम अर्ध्या कष्टांत झालें असतें.

ज्यांना अर्ज करावयाचा आहे त्यांनीं उत्पन्नाचा दाखला एप्रिलमध्यें काढावा, मार्चच्या तोंडावर नव्हे. आधार, बँक आणि दाखला या तिहींवरील नांव अक्षर न् अक्षर जुळवून पाहावें. आणि तारखेची पावती घेतल्याखेरीज खिडकी सोडूं नये. ग्रामपंचायतीस आपल्या उत्पन्नांतील ५ टक्के अपंगांसाठीं खर्च करावे लागतात, तेंहि विचारावें. बुवांच्या हत्यारांसाठीं तसा एक अर्ज आम्हीं लिहून दिला आहे. पावती मिळाली आहे. उत्तर यावयाचें आहे.