एका व्हेरिएबलात मावणारा हिशेब

लिनक्स २.४ च्या काळातला ३२ बिटांचा सर्व्हर ४९७ दिवस अखंड चालला की त्याचा अपटाइम पुन्हा शून्यावर यायचा. मशीन ठणठणीत असायचं. भरून जायचा तो जिफीज नावाचा काउंटर, सेकंदाला १०० टिक मोजणारा. अपटाइम अभिमानाने सांगणाऱ्या सिस्टीम अ‍ॅडमिनना त्या दिवसाची हुरहूर लागलेली असे.

त्याच्याही आधीच्या कर्नलमधला हिशेब वाचण्यात मोठं सुख होतं. मासिकाबरोबर आलेल्या सीडीवरून सोर्स उतरवायचा. मोकळी मेमरी किती, याचं उत्तर एका ग्लोबल व्हेरिएबलात सापडायचं. मोजायचं म्हणजे त्यात एक मिळवायचा. मध्येच इंटरप्ट येऊ नये म्हणून आधी ते रोखणारं सीएलआय आणि नंतर ते पुन्हा सुरू करणारं एसटीआय, बस्स. १९९६ साली २.० आवृत्तीत एकाहून जास्त प्रोसेसरची सोय झाली, तरी बिग कर्नल लॉकमुळे कर्नलच्या आत एका वेळी एकालाच प्रवेश होता. आकडा एकच, तो ठेवायची जागाही एकच.

ते दिवस गेले याचं मला दुःख नाही, आठवण मात्र येते. ६४ कोअर एकाच आकड्यात भर घालू लागले, की तो आकडा जिच्यात आहे ती ६४ बाइटची कॅशे लाइन सतत या कोअरकडून त्या कोअरकडे खेचली जाते. मोजदादच खऱ्या कामाचा वेळ खाऊ लागते. म्हणून २००६ मध्ये, २.६.१८ पासून, मेमरीच्या आकडेवारीची रीत बदलली. एसटीचा कंडक्टर प्रत्येक तिकिटाचे पैसे भरायला डेपोत धावत नाही. बॅगेत ठेवतो आणि नंतर एकदम भरणा करतो. तसंच इथे. प्रत्येक कोअर आपला फरक स्वतःजवळच्या एका बाइटमध्ये धरून ठेवतो. फरक ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेला, आणि ही मर्यादा जास्तीत जास्त १२५ असते, की तो मुख्य बेरजेत जातो. उरलंसुरलं साधारण दर सेकंदाला जमा होतं.

याची किंमत आहेच. कर्नल मेमरी पेजमध्ये मोजतो; ६४ कोअर गुणिले १२५ म्हणजे ८,००० पेज. ४ केबीच्या पेजने सुमारे ३१ एमबी. मुख्य बेरीज एवढी चुकलेली असू शकते. मेमरी भरपूर असताना याने काही बिघडत नाही. पण ती संपत आली असताना कर्नलला आहे असं वाटावं आणि प्रत्यक्षात नसावी, हे घातक. म्हणून मोकळी पेज एका खुणेच्या खाली गेली, की कर्नल साठवलेल्या बेरजेवर विसंबत नाही. प्रत्येक कोअरकडचा फरक धरून नव्याने बेरीज करतो. जुन्या आकड्याला आपण किती शिळे आहोत हे सांगायची वेळच येत नसे. आजच्या आकड्याच्या शिळेपणाला मर्यादा घातलेली आहे. मला ही प्रगती वाटते.

जिफीजचंही तेच. २.६ मध्ये पीसीवर सेकंदाला १,००० टिक झाले, तेव्हा ३२ बिट ४९.७ दिवसांतच भरू लागले. मग काउंटर ६४ बिटांचा केला. पण ३२ बिटांचा प्रोसेसर तो दोन तुकड्यांत वाचतो, आणि अर्धा जुना, अर्धा नवा असा आकडा हाती येऊ शकतो. त्यावर सीक्वेन्स लॉक: वाचण्याआधी क्रमांक पाहायचा, वाचून झाल्यावर पुन्हा पाहायचा, बदलला असेल तर पुन्हा वाचायचं. लिहिणारा वाचणाऱ्यासाठी थांबत नाही. शिवाय जिफीजची सुरुवातच अशा आकड्यापासून केली, की त्याचे खालचे ३२ बिट मशीन सुरू झाल्यावर पाच मिनिटांत भरावेत. ज्या चुका पूर्वी ४९७ दिवसांनी डोकं वर काढत, त्या आता चहा संपायच्या आत उघड्या पडतात. या एका युक्तीसाठी मी नव्या काळाला शंभर गुण देईन.

बिग कर्नल लॉक २०११ मध्ये, २.६.३९ ला, कायमचं गेलं. कर्नल शिकू पाहणाऱ्यांनी मेमरीची ही मोजदाद करणारी आजची व्हीएमस्टॅट.सी ही फाइल जरूर वाचावी. पण तिच्याआधी २.० चा सोर्स उघडून पाहावा. कर्नल डॉट ऑर्गवर तो अजूनही मिळतो.