चिकू, हापूस आणि हेलियम

आमच्या ऑफिसात एक जुनं भांडण आहे. मी घोलवडची, शेजारच्या क्युबिकलमधली देवगडची. माझ्याकडे चिकू, तिच्याकडे हापूस. २०१६ मध्ये डहाणू-घोलवडच्या चिकूला जीआय टॅग मिळाला, तेव्हा मी आख्ख्या फ्लोअरला चिकू वाटून फुल टू भाव खाल्ला होता. २०१८ मध्ये हापूसला टॅग मिळाला आणि पुढच्या मोसमात तिनं पेटी आणून हिशोब चुकता केला. पण स्कोअर बरोबरीत आला की ती हुकमाचं पान टाकते, ‘‘ए, आमच्या विजयदुर्गावर हेलियमचा शोध लागलाय. तुमच्या घोलवडला काय लागलंय?’’

घोलवडला काय लागणार? डहाणूनंतरचं स्टेशन लागतं आणि त्याच्यापुढे लगेच गुजरात लागतो.

तेव्हा हेलियम म्हणजे माझ्या लेखी मॉलमधला फुगा आणि तो गॅस ओढून काढलेला कार्टूनचा आवाज. एकदम टाइमपास प्रकरण. गेल्या पावसाळ्यात मात्र बाबांची कंबर धरली.

बाबा बासष्ट वर्षांचे. अजून स्वतः वाडीत उतरतात, बांबूला जाळी लावून चिकू काढतात. आधी उजव्या पायाला मुंग्या यायला लागल्या. मग पाऊल नीट उचलेना, चालता चालता चप्पल सुटून मागे राहायची. डॉक्टरांनी पायाला हात लावून बघितलं आणि म्हणाले, ‘‘एमआरआय करा, आणि लवकर करा. नस दबली असेल तर उशीर परवडायचा नाही.’’ जवळच्या सेंटरला फोन लावला. तिकडून उत्तर आलं, ‘‘मशीन बंद आहे मॅडम. हेलियम कमी झालंय. चार-पाच दिवसांनी विचारा.’’

बाबा हसले. ‘‘अगं, फुग्यातला गॅस नाही म्हणून माझी कंबर अडली?’’

मला काही हसू आलं नाही. त्या रात्री मी हेलियमवर मिळेल ते वाचून काढलं.

तर फंडा असा. एमआरआय मशीनच्या पोटात एका खास मिश्रधातूच्या तारेची मैलोन्मैल लांब गुंडाळी असते. ती भयंकर थंड केली, म्हणजे उणे २६९ अंशांच्या आसपास, की तिचा विजेला होणारा विरोध शून्य होतो. एकदा सोडलेला करंट मग बाहेरून वीज न देताही फिरत राहतो आणि त्यातून तो प्रचंड चुंबक तयार होतो. इतकी थंडी राखायला उपयोगी पडतं ते द्रवरूप हेलियमच, कारण त्या तापमानाला बाकी सगळे वायू गोठून दगड झालेले असतात. नेहमीच्या मशीनमध्ये हे हेलियम हजार-दीड हजार लिटर लागतं. ते फार खाली गेलं तर तार गरम होते, उरलेलं हेलियम भसकन उकळतं आणि छतावरच्या पाइपातून उडून जातं. एका लिटरचा साडेसातशे लिटर वायू होतो म्हणे! (अलीकडे सात लिटरवर भागणारी सीलबंद मशीन्सही निघालीत. आमच्या पट्ट्यात कधी येतील, देव जाणे.)

आणि उडालं ते गेलंच. हेलियम इतकं हलकं की पृथ्वीलाही ते धरून ठेवता येत नाही. हवेच्या दहा लाख भागांत ते जेमतेम पाच भाग असतं. जमिनीखालच्या खडकांतलं युरेनियम आणि थोरियम कोट्यवधी वर्षं झिजत राहतं, त्यातून ते थोडं थोडं बनतं आणि काही ठिकाणी नैसर्गिक वायूबरोबर अडकून बसतं. जगाचा बहुतेक माल अमेरिका आणि कतारमधून येतो. बंगालमधल्या बक्रेश्वरच्या गरम झऱ्यांतूनही ते बाहेर पडतं, पण आपण जवळपास सगळं हेलियम आयातच करतो. २०१७ मध्ये शेजाऱ्यांनी कतारची नाकेबंदी केली, तेव्हा तिथले हेलियमचे प्लांट काही दिवस बंद पडले आणि जगभरच्या लॅब्जना घाम फुटला. म्हणजे आखातात कुणाचं तरी वाजणार आणि घोलवडच्या माणसाचं पाऊल उचलायचं थांबणार. ग्लोबलायझेशन म्हणतात ते हेच असावं.

गंमत म्हणजे हेलियम आमच्या पालघर जिल्ह्यात कधीचं येऊन राहिलंय. बोईसरजवळच्या तारापूर अणुभट्टीतल्या इंधनाच्या नळ्या सील करण्याआधी त्यांत हेलियम भरतात. ते कशाशी रिअ‍ॅक्ट होत नाही आणि उष्णता मस्त वाहून नेतं. रॉकेटमध्येही तेच. टाकीतलं इंधन पुढे ढकलायला हेलियमचा दाब वापरतात. २०२४ मध्ये सुनीता विल्यम्स ज्या स्टारलायनरमधून गेल्या, त्यात हेलियमची गळती निघाली, थ्रस्टरही रुसले आणि आठ दिवसांची ट्रिप नऊ महिन्यांवर गेली. घट्टातल्या घट्ट फटीतूनही हा गॅस निसटतो. (म्हणून तर कारखान्यांत गळती शोधायला हाच वापरतात.)

आता विजयदुर्ग. हे मी मुद्दाम, अगदी खुन्नस म्हणून तपासलं. १८ ऑगस्ट १८६८ ला भारतात खग्रास सूर्यग्रहण दिसलं. फ्रेंच शास्त्रज्ञ यान्सेन गुंटूरला दुर्बीण लावून बसला होता. ग्रहणात सूर्याच्या ज्वालांच्या रेषा इतक्या झगझगीत दिसल्या की ग्रहण नसतानाही त्या बघता येतील हे त्याच्या लक्षात आलं. तिकडे इंग्लंडमध्ये नॉर्मन लॉकियरनं त्याच वर्षी २० ऑक्टोबरला, भर उन्हात, ग्रहणाशिवाय तेच साधलं. त्यातली एक पिवळी रेषा कुठल्याच माहीत असलेल्या मूलद्रव्याची नव्हती. सूर्य म्हणजे ग्रीकमध्ये हेलिओस, त्यावरून नाव पडलं हेलियम. पुढची पंचवीसेक वर्षं बऱ्याच लोकांनी लॉकियरला हसण्यावारी नेलं. शेवटी १८९५ मध्ये लंडनला रॅम्झेनं एका युरेनियमच्या खनिजातून तो वायू काढून दाखवला.

म्हणजे १८६८ मध्ये लॉकियर विजयदुर्गावर नव्हताच. तो तिथे आला, खरोखर आला, पण २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणाला, ब्रिटिश आरमाराचं जहाज आणि खलाशी दिमतीला घेऊन. किल्ल्यावर ‘साहेबाचे ओटे’ दाखवतात, ते याच भेटीशी जास्त जुळतात. त्याच ग्रहणाला पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्सचे प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगमवाला सोलापूरकडच्या जेऊरला दुर्बिणी मांडून होते. शाळेत आम्हाला हे नाव कुणी सांगितलं नाही. आमच्या घोलवडच्या वाड्यांत पारशी-इराणी घरं इतकी, की हा माणूस मला एकदम शेजारचाच वाटला.

देवगडवालीला हे सांगितलं तर तिचा चेहरा पडला. मला उलट ही खरी गोष्टच जास्त भारी वाटते. तीस वर्षं ज्या वायूपायी लोकांचं हसणं सोसलं, तो हातात आल्यावर हा माणूस बोटीनं कोकणात येतो आणि पुन्हा त्याच सूर्याकडे बघत बसतो! १८ ऑगस्टला विजयदुर्गावर हेलियम दिवस साजरा होतो. होऊ दे की. फक्त लॉकियरची तारीख नीट सांगा.

बाबांना आम्ही थांबवलं नाही. पहाटे रिक्षानं डहाणू रोड गाठलं (लोकल तिथेच संपते, घोलवडला येत नाही) आणि बोरिवलीला नेलं. रिपोर्टमध्ये मणक्यातली चकती सरकून नसेवर बसलेली दिसली. आठवड्याभरात ऑपरेशन झालं. पाऊल आता उचलतं, अंगठा अजून थोडा हट्टी आहे.

त्या दिवशी स्कॅन संपल्यावरही मशीनमधून एक आवाज येत होता, चुक-चुक, चुक-चुक, थांबतच नव्हता. बाबांनी टेक्निशियनला विचारलं, ‘‘हे काय वाजतंय?’’ तो म्हणाला, ‘‘काका, आतलं हेलियम थंड ठेवणारा पंप आहे. रात्रंदिवस चालतो.’’ बाबांनी भिंतीला धरून चप्पल सरकवली आणि वाडीतल्या मोटारीबद्दल गड्याला बजावतात त्याच आवाजात म्हणाले, ‘‘लाइट गेली की आधी याच्याकडे बघत जा हं.’’