चार रुपयांचा गोलंदाज

चैत्र लागला, वाशीमच्या काळ्या मातीला भेगा पडल्या आणि घराजवळच्या मोकळ्या वावरांत मुलांनीं डाव मांडला, कीं आम्हांला एका माणसाची आठवण हटकून होते.

वाशीमचा जिल्हा झाला तो १९९८ सालीं. आमच्या लहानपणीं तें अकोला जिल्ह्यांतील तालुक्याचें गांव होतें. आमच्या शाळेच्या मैदानावर राखणीला एक गडी असे. काथ्याची मॅट पसरून तिच्या कडांना खिळे ठोकणें, चुन्याच्या रेघा ओढणें, झुडपांत गेलेला चेंडू शोधून आणणें हें त्याचें काम. सरावाला गोलंदाज हवा असला म्हणजे आम्ही त्याच्याच हातीं चेंडू देत असूं. अनवाणी चार पावलें तो टाकी, आणि चेंडू असा वळे कीं यष्टि उडाल्यावरच आम्हांला कळे. 'आतां तूं बॅट घे', असें मात्र आमच्यापैकीं कोणीहि त्याला म्हटलें नाहीं. तहान लागली म्हणजे तो ओंजळ धरी आणि आम्ही वरून पाणी ओतीत असूं. यांत कांहीं वावगें आहे, असें त्या वयांत आम्हांला वाटलेंच नाहीं.

पुढें कितीएक वर्षांनीं बाळू पालवणकरांची हकीकत वाचण्यांत आली, आणि ती ओंजळ डोळ्यांपुढें उभी राहिली. बाळू जन्मानें धारवाडचे, जातीनें चांभार. पुण्यास पारशांच्या क्लबांत खेळपट्टी झाडण्याचे व रूळ फिरविण्याचे त्यांना महिना तीन रुपये मिळत. १८९२ च्या सुमारास ते गोऱ्यांच्या पूना क्लबांत चार रुपयांवर आले. तेथें जे. जी. ग्रेग या नामांकित फलंदाजाला ते तासन् तास चेंडू टाकीत. ग्रेग बाद झाला कीं त्यांना आठ आणे देई, अशी आख्यायिका आहे. पण बॅट त्यांच्या हातीं कोणी दिली नाहीं. फलंदाजी साहेबाची, गोलंदाजी चाकराची!

पैसे घेऊन खेळणारा तो हलका, हा समज विलायतेंतहि होताच. ग्लासगोकडचा फर्गस सूटर हा पाथरवट १८७८ च्या सुमारास लँकाशायरांत आला. तेथला दगड फार कठीण, असें म्हणून त्यानें छिन्नी ठेवली व फुटबॉलवर पोट भरण्यास आरंभ केला, असें सांगतात. त्याच्यासारख्यांवरून इतकें वादंग माजलें कीं अखेर १८८५ सालीं इंग्लंडच्या फुटबॉल मंडळाला पगारी खेळाडूंस मान्यता द्यावी लागली. सूटरचा प्रश्न एका ठरावानें सुटला. बाळूंचा कोणत्या ठरावानें सुटणार होता?

गोऱ्यांस हरवावयाचें म्हणून पुण्याच्या हिंदु क्लबानें त्यांना संघांत घेतलें. मैदानावर त्यांनीं हाताळलेला चेंडू सर्वांना चाले. चहाच्या वेळीं मात्र त्यांचा चहा मंडपाबाहेर, मातीच्या भांड्यांत. १९११ सालीं पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखालीं हिंदी संघ इंग्लंडला गेला, त्या दौऱ्यांत त्यांनीं ११४ बळी घेतले. तरीहि हिंदु संघाच्या कप्तानपदावर त्यांची नेमणूक कधीं झाली नाहीं. १९२३ सालीं तें पद त्यांचे धाकटे बंधु विठ्ठल यांस मिळालें.

आमचा गडी दुसरा बाळू होता, असें आम्ही म्हणत नाहीं. त्याला बॅट मिळती तर त्यानें काय केलें असतें, हें आतां कोणालाच सांगतां यावयाचें नाहीं. आणि त्याला कारण आम्ही आहों. त्याचें आडनांवहि आम्हांला ठाऊक नाहीं.

परवां नातवाच्या डावांत एक पोरगा कडेला उभा राहून सर्वांना चेंडू आणून देत होता. आम्ही नातवास हांक मारून त्याला बॅट द्यावयास सांगितलें. पोरगा पहिल्याच चेंडूला बाद झाला. 'पाहिलेंत ना, आजोबा?' अशा नजरेनें नातवानें आमच्याकडे पाहिलें.

'उद्यां त्याला पुन्हां दे', आम्ही म्हटलें.