वालूरच्या ओट्यावर अठ्ठावीस-अठ्ठावीस

परभणी जिल्ह्यातल्या सेलू तालुक्यात वालूर हे गाव आहे. बाहेरचा माणूस तेथे जातो तो बहुधा बारव पाहायला. आम्हीही त्यासाठीच गेलो होतो. तारीख ७ ऑक्टोबर २०२३, वार शनिवार. पाच दिवसांचा आठवडा झाल्यापासून कारकुनाच्या वाट्याला शनिवार आला आहे, तो घरी लोळून घालवण्यापेक्षा कुठेतरी जाऊन यावे, एवढाच हेतू. पण वाचकहो, त्या दिवशी वालूरला जे पाहिले-ऐकले त्यात बारव निम्मीच होती. उरलेले निम्मे चीनमधल्या हांगझौ शहरात घडत होते.

परभणीहून रेल्वेने सेलू, तेथून जीप. रस्त्याच्या दोन्ही अंगांना सोयाबीन काढणीला आले होते. त्या साली ऑगस्टभर पावसाने दडी मारली होती, त्यामुळे जीपमध्ये सारी चर्चा उताऱ्याचीच. एकरी किती पोती निघतील याचा हिशोब करता करता गाव आले.

बारव पाहून मात्र जीवाला बरे वाटले. मराठवाड्यात बारवा पुष्कळ आहेत, चौकोनी, सरळ पायऱ्यांच्या. वालूरच्या बारवेच्या पायऱ्या भोवऱ्यासारख्या वळत वळत पाण्यापर्यंत जातात. वरून पाहिले तर डोळे गरगरतात. वर्षानुवर्षे ती गाळाने आणि कचऱ्याने भरलेली होती. गावकऱ्यांनी श्रमदान करून ती मोकळी केली, तेव्हा कुठे ती वर्तमानपत्रांत झळकली. ज्या पाथरवटांनी हे दगड घडवले त्यांची नावे कोठे नाहीत. असो.

दुपारी साडेबाराच्या सुमारास आमच्या वस्तीतल्या एका ओळखीच्या घरी जेवायला थांबलो. जेवण बाजूलाच राहिले. समाजमंदिराच्या ओट्यासमोरच्या घरात दूरदर्शन संच दारात ओढून ठेवला होता, आणि पोरे, बायाबापड्या, म्हातारी माणसे सगळी त्याच्यासमोर. आशियाई क्रीडा स्पर्धेतला पुरुष कबड्डीचा अंतिम सामना चालू होता, भारत आणि इराण. सकाळी मुलींनी चायनीज तैपेईला २६-२५ असे एका गुणाने हरवून सुवर्ण आणले होते, त्यामुळे सगळे आधीच चढलेले.

या सामन्यामागे एक जुना हिशोबही होता. कबड्डी आशियाई खेळांत आली ती १९९० साली, बीजिंगला. तेव्हापासून २०१४ पर्यंत पुरुषांचे सुवर्ण दर वेळी भारताचेच. २०१८ साली जकार्ताला उपांत्य सामन्यात इराणने आपल्याला २७-१८ असे हरवले आणि कांस्यावर समाधान मानावे लागले. त्याच वर्षी आपल्या मुलींनाही अंतिम सामन्यात इराणनेच हरवले होते. आपल्या संघात या वेळी दोन मराठी पोरे होती, नगर जिल्ह्यातला अस्लम इनामदार आणि नाशिकचा आकाश शिंदे. ओट्यावर या दोघांची नावे अशी घेतली जात होती, जशी काही ती सेलूच्या बाजारात रोज भेटतात.

सामना संपायला एक मिनिट आणि काही सेकंद उरले, तेव्हा गुणफलक २८-२८. कप्तान पवन सेहरावत चढाईला गेला. तिसरी चढाई, म्हणजे गुण आणा नाहीतर बाद व्हा. तो कोणालाही न शिवता लॉबीत गेला, आणि त्याला धरायला इराणचे गडी त्याच्या मागोमाग लॉबीत उतरले. पुढे काय झाले ते साऱ्या जगाने पाहिले. पंचांचा निर्णय एकदा इकडे, एकदा तिकडे असा फिरला. कधी हा संघ मॅटवर बसून राहिला, कधी तो. सुमारे तासभर खेळ बंद. अखेर निर्णय भारताच्या बाजूने गेला आणि सामना ३३-२९ असा आपण जिंकला.

त्या तासाभरात दूरदर्शन संचाकडे कोणी पाहतच नव्हते. खरा सामना ओट्यावर सुरू झाला.

माहीत नसणाऱ्यांसाठी दोन शब्द. मैदानाच्या दोन्ही कडांना मीटरभर रुंदीची जी पट्टी असते ती लॉबी. झटापट होईपर्यंत ती खेळात धरत नाहीत. जुन्या लेखी नियमाप्रमाणे, शिवाशिव न होता चढाईपटू लॉबीत गेला तर तो बाद, आणि त्याच्या मागे जे जे गेले तेही बाद. प्रो कबड्डी लीगमध्ये हा नियम बदलला. चढाईपटू बाद झाला की चढाई तेथेच संपली, मागून गेलेले बाद नाहीत. दोन्ही संघांतले बरेच गडी लीगमध्ये एकत्र खेळलेले. म्हणजे दोघांच्याही अंगात नवा नियम मुरलेला आणि पुस्तकात जुना.

ओट्यावर एक मामा होते, तरुणपणी मातीवर खेळलेले, गुडघ्यावर त्याच्या खुणा असलेले. ते म्हणाले, "मागं गेले ना? मंग गेले बाद. आमच्या टायमाला सरपंच शिट्टी मारायचा अन् खेळ पुढं. कोण बसून राहतं असं मॅटवर?" (कबड्डीत मुख्य पंचाला सरपंच म्हणतात. हा सरपंच निवडून येत नाही, तरी त्याच्या निवाड्यावरून गावात दोन तट पडतात, हा भाग वेगळा.)

त्यांना आडवा गेला तो बारावीत शिकणारा एक मुलगा, कॉलेजच्या संघातला. तो म्हणाला, "मामा, पवन स्वतःच बाहेर गेला. चढाई तिथंच संपली. मंग पुढचे गडी कामून बाद? एक-एक गुण द्या अन् खेळू द्या."

झाले. चारी बाजूंनी त्याच्यावर ओरडा सुरू झाला. तू इराणचा का? पाकीट आले का तुला? मुलगा शांत होता. "मी भारताकडूनच हाव," तो म्हणाला, "पण उद्या हाच निर्णय आपल्या विरोधात गेला तर तुम्ही काय मनाल?"

यावर एका आजोबांनी तोडगा काढला की दोघांना अर्धे-अर्धे सुवर्ण द्यावे, नाहीतर उद्या पुन्हा खेळवावे. सगळे हसले. पण वाचकहो, हे हसण्यासारखे नाही. आयर्लंडमध्ये हर्लिंग नावाचा काठी-चेंडूचा खेळ आहे. त्यांचा अखिल आयर्लंड अंतिम सामना २०१२, २०१३ आणि २०१४ अशी लागोपाठ तीन वर्षे बरोबरीत सुटला आणि तिन्ही वेळा काही आठवड्यांनी पूर्ण सामना पुन्हा खेळवला गेला. २०१४ साली तर अगदी शेवटचा फटका आत की बाहेर हे कॅमेऱ्याने पाहून ठरवले. बाहेर निघाला, म्हणून बरोबरी. याच्या उलट २०१९ चा क्रिकेट विश्वचषक. लॉर्ड्सवर इंग्लंड आणि न्यूझीलंड दोघांच्याही २४१ धावा, सुपर ओव्हरमध्येही १५-१५, आणि चषक इंग्लंडला मिळाला तो चौकार-षटकार २६ विरुद्ध १७ म्हणून. तीन महिन्यांत तो नियमच रद्द करावा लागला. पण एक गोष्ट खरी की तो नियम सामन्याआधी छापलेला होता. वाईट असेल, पण ठरलेला होता. कबड्डीतही बाद फेरीत बरोबरी झाली तर पाच-पाच चढाया आणि तरीही तिढा राहिला तर सुवर्ण चढाई, हे ठरलेलेच आहे. हांगझौत तिढा गुणांचा नव्हताच. कोणते पुस्तक उघडायचे, हाच तिढा होता.

आम्हाला विचारले गेले, कारण शहरातून आलेल्या साहेबाला सगळे कळते असा एक समज असतो. आम्ही आमच्या कामाच्याच भाषेत सांगितले. कचेरीत एखादा नवा शासन निर्णय निघतो. तो शेजारच्या खात्याचा असेल तर आपल्या फायलीला लागत नाही, मग तो कितीही चांगला असो. लीग हे शेजारचे खाते. आशियाई स्पर्धा आंतरराष्ट्रीय महासंघाच्या पुस्तकावर चालते. म्हणून मामांचे म्हणणे नियमाने बरोबर. पण मुलाचे म्हणणेही खोडता येत नाही. इराणचे गडी चिडले त्यात त्यांचा काय गुन्हा? जो नियम रोज खेळतो तोच येथे आहे की नाही, हे सामन्याआधी दोन्ही कप्तानांना बसवून वाचून दाखवायला पाच मिनिटे लागली असती. त्याऐवजी एक तास गेला, आणि सुवर्णाला एक डाग लागला जो आपल्या पोरांनी लावलेला नव्हता.

आमचे बोलणे संपायच्या आत दाराशी तांदूळ निवडत बसलेल्या एक बाई बोलल्या. त्या त्या मुलाच्या आई. "साहेब, टीव्हीतल्याला तास तरी मिळाला. आमच्या थोरल्याला मिनिट बी नाही दिलं."

मग ती हकीकत निघाली. थोरला शाळेच्या संघातून तालुक्याचा अंतिम सामना खेळला होता. असाच लॉबीचा प्रसंग. पंचांनी आधी गुण याच्या शाळेला दिला. समोरची माणसे मैदानात शिरली, बोलाचाली झाली आणि गुण काढून घेतला गेला. एका गुणाने सामना गेला. तालुक्यातून पुढे जिल्ह्याला एकच संघ जातो. तो गेला. थोरल्याने त्यानंतर मैदानात पाय ठेवला नाही. आता तो पुण्याकडे सेंट्रिंगच्या कामावर आहे.

"जिल्ह्याला गेला असता तर जिंकलाच असता असं नाही म्हणत मी," बाई म्हणाल्या, "पण खेळला तर असता."

ओट्यावर कोणी काही बोलले नाही. धाकट्याला लॉबीचा नियम ओळ न ओळ का पाठ आहे, ते आम्हाला तेव्हा कळले. आपल्या घरांत कबड्डी ही नुसती करमणूक नसते, हे लोकांना सांगावे लागत नाही. तिला बॅट लागत नाही, बूट लागत नाहीत. महाराष्ट्रात गुणवंत खेळाडूंसाठी शासकीय नोकऱ्यांत ५ टक्के जागा राखीव आहेत, दहावी-बारावीला खेळाचे वाढीव गुण आहेत. त्याची वाट तालुक्याच्या मैदानापासूनच सुरू होते. तेथे एका शिट्टीने प्रमाणपत्र इकडचे तिकडे होते, आणि तेथे फेरतपासणीचा कॅमेरा नसतो.

एका म्हातारीने मात्र विषय भलतीकडे नेला, किंवा नेला असे आम्हाला आधी वाटले. ती म्हणाली, "नियम नियम काय करता बाबाहो. आमच्या सासूच्या काळी पाणवठ्यावर कोणी उतरायचं हा बी नियमच व्हता. कुठं लिव्हलेला नव्हता, पण समद्यांला पाठ." मामांनी मान हलवली. मुलगा म्हणाला, "म्हूनच तर मी मनतो आजी, लिहून दाखवा."

चार वाजता उन्हे उतरल्यावर पोरे शाळेच्या मैदानावर गेली. आम्हीही गेलो. चुन्याच्या रेषा मारल्या, पण लॉबीची रेषा मारायला चुना पुरला नाही. मग धाकट्याने पायाच्या अंगठ्याने मातीत रेघ ओढली आणि दोन्ही बाजूंच्या गड्यांना उभे करून सांगितले, आज जुना नियम, मागे जाल तर बाद. एकाने विचारले, उद्या? तो म्हणाला, उद्याचे उद्या खेळायच्या आधी ठरवू. मामा सरपंच झाले. शिट्टी नव्हती, तोंडाने वाजवली.

परतीची जीप मिळाली तेव्हा दोन्ही संघ ११-११ वर होते. शेवट पाहायला मिळाला नाही.

हांगझौचे पुढे असे झाले. अंतिम सामन्यानंतर दोनच दिवसांनी प्रो कबड्डीचा लिलाव सुरू झाला. इराणचा मोहम्मदरेझा शादलू, जो त्या सामन्यात आपल्याविरुद्ध होता, त्याला पुणेरी पलटणने २ कोटी ३५ लाखांना घेतले. १ मार्च २०२४ रोजी पुणेरी पलटणने हरयाणा स्टीलर्सला २८-२५ असे हरवून लीग जिंकली. कप्तान होता अस्लम इनामदार. वालूरच्या त्या मुलाने आम्हाला रात्री फोन केला. निकाल आम्हाला ठाऊक होताच, तरी त्याने पहिल्या चढाईपासून सगळा सामना सांगितला. मग म्हणाला, थोरला दिवाळीला आला होता, दोन दिवस मैदानावर आला, खेळला नाही, पण रेषा त्यानेच मारल्या. लॉबीसकट.